लाल दिव्याची कदर

निफाड तालुक्याची ओळख सांगताना आधी द्राक्ष आणि मग कांदा, हा क्रम आता रूढ झाला आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत यांच्या बाजारपेठा याच तालुक्यात, ओझरचा विमान कारखाना याच तालुक्यात, आणि हिवाळ्यात ज्याच्या तापमापकाची बातमी सारा महाराष्ट्र वाचतो ते कुंदेवाडीचे गहू संशोधन केंद्रही याच तालुक्यात. गोदावरी आणि कादवेच्या या खोऱ्यात ज्या व्यापारी घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या आडत, धान्य, किराणा आणि कापड यांचा व्यवहार केला, त्यांतील काहींची तरुण पिढी आता पॅकहाऊस, प्रीकूलिंग आणि शीतगृह यांकडे वळली आहे. दिवाळीला वहीपूजन होते ते जुन्याच पेढीवर. परंतु जानेवारी ते एप्रिल या हंगामात घराची खरी पुंजी गावाबाहेरच्या त्या थंड खोल्यांत रचलेली असते.

वही हा व्यापाऱ्याचा आरसा असे पूर्वीची माणसे म्हणत. शीतगृहात या आरशाला एक भावंड मिळाले आहे. यंत्रखोलीच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट उभे असते. त्यास सारे पॅनेल म्हणतात. त्याचे दार उघडले की हिरव्या, पिवळ्या, लाल अशा बारीक दिव्यांची रांग दिसते. कॉम्प्रेसर, पंखे, झडपा आणि तापमानाचे सेन्सर यांचा कारभार पाहणारी ही नियंत्रक यंत्रणा. खरेदीच्या वेळी तिची किंमत काटेकोरपणे ठरविली जाते. तिची भाषा मात्र क्वचितच कोणी शिकून घेते. लाखोंचा माल ज्या दिव्यांच्या भरवशावर ठेवावयाचा, ते दिवे काय सांगतात हे मालकाने जाणून घेऊ नये, ही व्यवहाराच्या दृष्टीने नवलाची गोष्ट आहे.

दोन दिव्यांची भाषा

कारखान्यातील यंत्रे पूर्वी रिले नावाच्या शेकडो खटक्यांनी चालत. उत्पादनाचे मॉडेल बदलले की सगळी तारजोडणी नव्याने करावी लागे. या जाचातून सुटण्यासाठी अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९६८ साली एका प्रोग्रामक्षम यंत्राची मागणी केली, आणि १९६९ मध्ये डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ हा नियंत्रक सिद्ध केला. आज ज्यास सर्रास पीएलसी म्हणतात, त्याचा हा पूर्वज. पुढे एका मोठ्या नियंत्रकाऐवजी छोटी छोटी मॉड्यूल यंत्रांजवळ बसविण्याची आणि सर्वांना एका केबलने जोडण्याची पद्धत आली. मुख्य नियंत्रक पेढीवर बसलेल्या मुनीमासारखा, आणि मॉड्यूल गावोगावच्या गुमास्त्यांसारखी. निरोप वर जातो, हुकूम खाली येतो.

अशा मॉड्यूलवर बहुधा दोन दिवे असतात. एक स्वतःच्या प्रकृतीचा, दुसरा जाळ्याशी असलेल्या संपर्काचा. प्रचलित जाळ्यांपैकी इथरनेट आयपी या पद्धतीत त्यांचा संकेत ठरलेला आहे. प्रकृतीचा दिवा स्थिर हिरवा असेल तर काम सुरळीत चालू आहे. लुकलुकता हिरवा असेल तर मॉड्यूल सज्ज आहे, पण त्याची मांडणी व्हावयाची आहे. लुकलुकता लाल म्हणजे सुधारता येण्याजोगा दोष. स्थिर लाल म्हणजे स्वतःहून न सुधारणारा. संपर्काचा दिवा स्थिर हिरवा असेल तर संबंध जुळलेला आहे. लुकलुकता हिरवा असेल तर पत्ता मिळाला, पण बोलणारे कोणी नाही. लुकलुकता लाल असेल तर जुळलेला संबंध तुटला. आणि स्थिर लाल असेल तर एकाच पत्त्यावर दोन यंत्रे हक्क सांगत आहेत.

या संकेतातील मर्म असे की ‘मी बिघडलो आहे’ आणि ‘मी ठीक आहे, परंतु माझे कोणी ऐकत नाही’ ही दोन निवेदने वेगळी ठेवली आहेत. दूरच्या दुकानाचा हिशेब आला नाही म्हणजे दुकान बुडाले असे नव्हे. टपाल अडले असेल. पण टपाल अडले आहे हेही कळले पाहिजे. हिशेब येत नाही आणि त्याचा कोणाला पत्ताही नाही, ही अवस्था तोट्याहून वाईट.

शून्य आणि कोरी जागा

जीएसटी भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यास निरंक विवरणपत्र ठाऊक असते. महिनाभर उलाढाल झाली नाही तरी तसे लिहून द्यावे लागते. निरंक विवरण आणि न भरलेले विवरण यांत आकडा एकच, शून्य. अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न. यंत्रांच्या जगात हाच विचार विद्युत्प्रवाहाच्या भाषेत मांडला गेला. सेन्सरकडून येणारा संकेत शून्य मिलिअँपिअरपासून न मोजता ४ पासून २० मिलिअँपिअरपर्यंत मोजतात. मोजमापाची सर्वांत खालची पायरी म्हणजे ४. प्रवाह ३.६ च्या खाली गेला तर तो कमी तापमानाचा आकडा नव्हे, तो बिघाडाचा निरोप समजावयाचा. आणि प्रवाह पूर्ण थांबला तर तार तुटली असे धरावयाचे.

या छोट्या युक्तीचे मोल शीतगृहात समजते. तार तुटली आणि नियंत्रकाने कोऱ्या जागेस शून्य मानले, तर खोली अतिथंड झाली असे समजून तो शीतकरण थांबवील. आत द्राक्षे उबदार होत राहतील. प्लॅटिनमच्या तापसेन्सरची जोडणी तुटली तर उलट घडते. रोध अनंत होतो, आकडा प्रचंड दिसतो, आणि खोली तापली या समजुतीने नियंत्रक थंडावा ओततच राहतो. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवावयाची असतात आणि उणे दोन अंशांच्या सुमारास ती गोठू लागतात. दोन अंशांच्या या चिंचोळ्या वाटेवर सारा व्यापार उभा आहे. म्हणून चांगला नियंत्रक असंभव आकड्यावर विश्वास ठेवीत नाही. तो ‘मला ठाऊक नाही’ असे सांगून लाल दिवा लावतो. ठाऊक नाही असे वेळेवर म्हणण्याचे धैर्य माणसांतही दुर्मीळ आहे.

निफाड स्थानकावरून रोज धावणाऱ्या रेल्वेने हा धडा फार पूर्वीच घेतला होता. जुन्या हात-सिग्नलची रचनाच अशी असे की त्यास ओढणारी तार तुटली तर वजनाच्या भाराने हात ‘थांबा’ या स्थितीत जाई. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये रुळांतून प्रवाह खेळविणारे वर्तुळ शोधले. रुळावर गाडी असो, रूळ तुटलेला असो वा बॅटरी संपलेली असो, सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे त्यामागील तत्त्व.

निरोप आला नाही तर

मुख्य नियंत्रक आणि मॉड्यूल एकमेकांना ठराविक अंतराने खुशालीचा निरोप देत असतात. हे अंतर सेकंदाच्या लहानशा अंशाचे असते. काही निरोप चुकले की मॉड्यूल संबंध तुटला असे जाहीर करते. पुढचा प्रश्न मोलाचा आहे: मालकाचा हुकूम येईनासा झाला, तर गुमास्त्याने काय करावे? हाती असलेले काम बंद करावे, की शेवटचा हुकूम पाळत राहावे?

एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. खोलीत थंड द्रव सोडणारी झडप बंद व्हावी, हे बरे. परंतु अमोनियाची गळती झाल्यास हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र संपर्क तुटला तरी चालू राहिला पाहिजे. खोलीचे दार आतून उघडण्याची सोय तर कोणत्याही नियंत्रकाच्या मर्जीवर सोडूच नये. प्रत्येक झडपेसाठी आणि प्रत्येक पंख्यासाठी हा निर्णय वेगळा घ्यावा लागतो, आणि तो यंत्र बसवून निघून जाणाऱ्या तंत्रज्ञावर सोपविता येत नाही. कारण नुकसान कोणाचे व्हावयाचे हे ठरविणारा तो निर्णय आहे.

दोष दूर झाल्यावर यंत्राने आपोआप चालू व्हावे का, हाही तसाच प्रश्न. जेथे माणूस हात घालून काम करीत असण्याचा संभव आहे, तेथे माणसाने पाहणी करून रिसेटचे बटण दाबल्याखेरीज यंत्र सुरू होऊ नये, हाच दंडक. पण रिसेट आणि दुरुस्ती यांत अंतर आहे. खतावणी जुळत नाही म्हणून फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकणे आणि फरक शोधून काढणे, यांत जितके अंतर, तितकेच.

एका घरातील हंगाम

निफाड परिसरातील एका घराण्याच्या शीतगृहात घडलेला प्रकार या अंतराची साक्ष देतो. फेब्रुवारीचा महिना, हंगाम भरात. तिसऱ्या क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या मॉड्यूलवर संपर्काचा दिवा रात्री लाल लुकलुकला. ऑपरेटरने शेठजींना फोन केला.

“शेठ, तीन नंबरला फॉल्ट दाखवतोय.”

“माल थंड आहे ना?”

“पडद्यावर अर्धा अंश दाखवतोय.”

“मग रिसेट मार आणि झोप. रात्री-बेरात्री लाल दिवा, लाल दिवा काय करतोस?”

रिसेट केला, दिवा हिरवा झाला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच घडले. या वेळी ऑपरेटरने फोन केला नाही, नोंदवहीतही लिहिले नाही. गेल्या हंगामात एका लाल दिव्याबद्दल चारचौघांत ऐकून घ्यावे लागले होते, हे तो विसरला नव्हता. चार रात्री हा क्रम चालला. पाचव्या रात्री त्यास डुलकी लागली, आणि संपर्क तुटला तो तुटलाच.

त्या मॉड्यूलची मांडणी ‘शेवटचा हुकूम पाळत राहावे’ अशी ठेवलेली होती. संपर्क तुटला तेव्हा द्रवाची झडप उघडी होती. ती उघडीच राहिली. कॉम्प्रेसर इतर खोल्यांसाठी चालू होता. पडद्यावर मात्र शेवटचा आलेला आकडा, अर्धा अंश, तसाच झळकत राहिला. कारण आकडा शिळा झाल्याची खूण दाखविण्याची तजवीज कोणी केलेलीच नव्हती. सकाळी दार उघडले तेव्हा थंड नळ्यांजवळच्या रांगांतील पेट्या गोठल्या होत्या. बाहेर काढल्यावर त्यांतील मणी मऊ पडले, देठ काळवंडले. कारण निघाले ते कंपनाने सैल झालेल्या एका जोडणीचे. ती घट्ट बसविण्यास पाच मिनिटे लागली.

धाकट्या मुलाने नोंदी काढून बापापुढे ठेवल्या. नियंत्रकाच्या आठवणीत चारही रात्रींचे फॉल्ट वेळेसह लिहिलेले होते. “पप्पा, दिवा चार दिवस सांगत होता,” एवढेच तो म्हणाला. शेठजी बराच वेळ कागद पाहत राहिले. मग त्यांनी ऑपरेटरला बोलावले. माणूस मान खाली घालून उभा होता. नोकरी गेली असे त्याने गृहीतच धरले होते. शेठजींनी विचारले, “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “सांगितलं होतं शेठ. पहिल्या रात्री.”

या उत्तरावर बोलण्यासारखे काही नव्हते. माल शेतकऱ्याचा होता आणि त्याचा हिशेब व्हावयाचा होता. खोली आपली, दोष आपला, तेव्हा दर ठरल्याप्रमाणे पूर्ण द्यावयाचा, असे शेठजींनी सांगितले आणि तशी नोंद स्वतःच्या हाताने केली. थोरल्या मुलास ते रुचले नाही. विम्याचा विचार करू, निम्मे देऊ, असे त्याचे म्हणणे पडले. घरात दोन दिवस त्यावर अबोला होता. पण नोंद बदलली नाही. त्याबरोबर एक नियमही बदलला: लाल दिव्याची खबर देणाऱ्याला पहिला प्रश्न ‘का’ असा विचारावयाचा नाही, ‘केव्हापासून’ असा विचारावयाचा.

दोन साक्षीदार भांडतात तेव्हा

नुकसान पैशाचे होते म्हणून हा प्रसंग निभावला. जेथे प्राणाचा प्रश्न असतो तेथे दिव्यांचा अर्थ अधिक गंभीर होतो. लासलगावी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली कृषी उत्पादन संरक्षण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० च्या गामा किरणांनी कांद्याचे कोंब रोखणे आणि फळांवरील कीड निष्प्रभ करणे हे तेथील काम. २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेस पुन्हा जाऊ लागला तो येथील प्रक्रियेच्या बळावर. अशा प्रत्येक केंद्रात किरणांचा स्रोत सुरक्षित जागी गेला की नाही हे सांगणारा दर्शक असतो, आणि त्याखेरीज खोलीतील किरणोत्सार मोजणारे स्वतंत्र उपकरणही असते. एकाच गोष्टीसाठी दोन साक्षीदार कशाला, याचे उत्तर इस्रायलमधील एका दुर्घटनेत सापडते.

२१ जून १९९० रोजी सोरेक येथील अशाच एका किरणन केंद्रात खोकी अडकली आणि स्रोत खाली उतरू शकला नाही. दर्शक मात्र ‘स्रोत खाली’ असे सांगत होता, आणि किरणोत्साराचा इशारा त्याच वेळी वाजत होता. दोन साक्षी परस्परविरुद्ध. अनुभवी ऑपरेटरने इशारा खोटा मानला, तो निष्प्रभ केला आणि आत प्रवेश केला. तेथे तो एक-दोन मिनिटेच होता. छत्तीस दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दिव्याने आणखी सूक्ष्म रीतीने फसविले. दाब सोडणारी झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र ती बंद असल्याचा समज करून देत होता. वस्तुतः तो दिवा झडपेची स्थिती दाखवीतच नव्हता. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. शंभराहून अधिक इशारे एकाच वेळी वाजत असताना हा भेद कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि गळती अडविण्यास दोन तासांहून अधिक काळ गेला.

हुकूम दिला म्हणजे काम झाले, हा समज पेढीवरही नवा नाही. धनादेश लिहिला म्हणजे रक्कम पोचली असे नव्हे. म्हणूनच रोकडवही बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहतात. दोन साक्षींत विसंगती आढळली तर सोयीची साक्ष खरी धरावयाची नाही. उलगडा होईतो गैरसोयीची साक्ष खरी मानून चालावयाचे. सोरेकच्या त्या ऑपरेटरला पूर्वी खोटे इशारे ऐकण्याची सवय जडली नसती, तर कदाचित तो थांबला असता.

पिवळ्या दिव्याची जागा

म्हणूनच इशाऱ्यांची संख्या हाही विचाराचा विषय आहे. इंग्लंडमधील उद्योगांच्या एका मान्यवर मार्गदर्शिकेनुसार एका ऑपरेटरने दहा मिनिटांत सरासरी एखादा इशारा हाताळावा, हे सुसह्य प्रमाण. प्रत्येक क्षुल्लक गोष्टीस हूटर लावला तर माणूस हूटर बंद करावयास शिकतो, दोष पाहावयास नव्हे. जर्मनीतील रासायनिक उद्योगांच्या संघटनेने, नामूरने, उपकरणांच्या अवस्था चारच ठेवल्या: बिघाड, तपासणी चालू, मर्यादेबाहेर आणि देखभाल हवी. यांतील शेवटच्या दोन अवस्था फार उपयोगी आहेत. काम अद्याप थांबलेले नाही, पण थांबू शकते, हे त्या सांगतात.

बँकांच्या व्यवहारातही असा पिवळा दिवा आहे. नव्वद दिवसांहून अधिक थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. परंतु २०१४ पासून रिझर्व्ह बँकेने त्याआधीच्या थकबाकीचेही तीन टप्पे करून नोंद ठेवण्यास सांगितले: तीस दिवसांपर्यंत, साठपर्यंत आणि नव्वदपर्यंत. पहिल्या टप्प्यावर कर्जदाराला हाक मारली तर बहुधा वाट निघते. नव्वदाव्या दिवसानंतर दोन्ही पक्षांची भाषा कठोर होते. यंत्राचेही तसेच आहे. लुकलुकणारा दिवा हा पहिल्या टप्प्यावरील थकबाकीदार होय.

हंगामापूर्वी एक दिवस या दिव्यांसाठी राखून ठेवणे फारसे खर्चाचे नाही. सर्व दिवे एकदा पेटवून पाहावेत. जळालेला लाल दिवा हिरव्याइतकाच निर्धास्त दिसतो. माल नसताना सेन्सरची तार जाणत्या तंत्रज्ञाकडून सोडवून पाहावी, केबल काढून पाहावी, आणि कोणता पंखा थांबतो, कोणती झडप मिटते, पडदा काय म्हणतो हे लिहून ठेवावे. रिसेट केला की वेळ व सही नोंदवहीत यावी, आणि एकाच फॉल्टची दुसरी नोंद झाली की दुरुस्तीचा माणूस बोलवावा, हा नियम पॅनेलच्या दारावर मराठीत चिकटवावा. रात्रपाळीच्या माणसाला दिव्यांचा अर्थ त्याच्या भाषेत समजावून द्यावा.

एवढे करूनही दोष येतील. जोडण्या सैल होतील, तारा तुटतील. यंत्र आहे, झिजणारच. दोष न येणारे यंत्र कोणी विकत नाही, आणि विकतो म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नये. मिळते ते एवढेच, की दोष आला तर तो लवकर कळतो, नेमका कोठे आला ते कळते, आणि कळेपर्यंत फारशी हानी होत नाही. ते कळविण्याचे काम दिवा करतो. त्याच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ते पुढे सांगावेसे वाटेल अशी पेढी राखणे, हे मात्र मालकाचे काम.